पिठ्या ढेकूण आणि न बोलावता आलेली माशी



परवा घाटंजीच्या वावरात भेंडीवर पिठ्या ढेकूण दिसला. पाचसहाच झाडं, पण शेंडे कापूस चिकटल्यासारखे पांढरे. सोबतचा पोरगा म्हणाला, "पंप भरू का?" म्हटलं, थांब. काऊन थांब म्हटलं, त्याची गोष्ट जुनी आहे.

हा किडा आपला नाही. 1898 साली अमेरिकेत, न्यू मेक्सिकोत सापडलेल्या या किड्याला टिन्सले या शास्त्रज्ञाने फिनाकोकस सोलेनोप्सिस नाव दिलं. सोलेनोप्सिस म्हणजे मुंगीची एक जात, तिच्या वसाहतीत हा सापडला होता. आजही तसंच आहे. मुंग्या याचा गोड चिकटा खातात आणि बदल्यात याच्या शत्रूंना हुसकावतात. झाडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली की वर बघायचं.

2005 च्या आसपास तो पाकिस्तानात आणि गुजरातेत कपाशीवर आला. 2007 मध्ये पंजाबात हाहाकार झाला आणि त्याच सुमारास आपल्याकडच्या पऱ्हाटीवरही दिसू लागला. मग भेंडी, वांगी, जास्वंद, आणि धुऱ्यावरचं गाजर गवत अन् पेटारी. लोकांनी फवाऱ्यावर फवारे मारले. अंगावर मेणाचा थर, औषध आत जाईल कसं? एक मादी शेकड्याने पिल्लं देते. चार वाचले तरी पंधरा दिवसांत जैसे थे.

मग 2008 च्या सुमारास शास्त्रज्ञांना काही ढेकूण वेगळेच दिसू लागले. पांढरे नाहीत, तपकिरी, टणक, ज्वारीच्या दाण्यासारखे फुगलेले. आतून जेमतेम दोन मिलिमीटरची काळी माशी भोक पाडून निघत होती. ती ढेकणाच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते, पंधरवड्यात नवी माशी तयार. अलिगढच्या मोहम्मद हयात यांनी 2009 मध्ये तिचं नाव ठेवलं एनासियस बंबावालेई. दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तेव्हाचे संचालक ओ. एम. बंबावाले यांच्यावरून. नांदेड जिल्ह्यातल्या आष्टा गावात कपाशीचं एकात्मिक कीड नियंत्रण शेतकऱ्यांसोबत करून दाखवणाऱ्या चमूतले हेच ते. पुढे कळलं की या माशीला अमेरिकेत आधीच नाव मिळालेलं आहे, एनासियस ॲरिझोनेन्सिस. म्हणजे शत्रूच्या पाठोपाठ तीही इकडे पोचली असणार. कोणी आणली नाही, कोणी सोडली नाही, अन् उद्रेक ओसरला.

पपईच्या पिठ्या ढेकणाचं तसं नव्हतं. तो 2008 मध्ये कोइंबतूरला सापडला आणि त्याची माशी 2010 मध्ये प्युर्टो रिकोहून मुद्दाम आणावी लागली. बंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने ती वाढवून राज्याराज्यांत दिली.

आपण मात्र या गोष्टीतून फारसं शिकलो नाही. 2017 मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 च्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यात मजूर जास्त. त्या फवारण्या पिठ्या ढेकणासाठी नव्हत्या हे खरं, पण पाठीवरचा पंप तोच आणि "दिसलं की मार" ही सवयही तीच. भेंडी तर दिवसाआड तोडावी लागते. आज फवारून उद्या तोडलेली भेंडी कोणाच्या ताटात जाते?

आता माझं. माशी सगळ्याला पुरत नाही, शेंडा-फळ पोखरणाऱ्या अळीला तिचा उपयोग शून्य. पण इथे आधी भिंग घेऊन एक शेंडा मोजला. तीस ढेकणांपैकी अकरा तपकिरी, त्यातल्या चारांना भोक पडलेलं. म्हणून फवारलं नाही. पुन्हा आठ दिवसांनी मोजणार आहे. शेंडेही तोडून जाळले नाहीत, आत माश्या आहेत.

दोन झाडांवर मात्र मुंग्यांची रांग होती. तिथे तपकिरी एकही नाही. बुंध्याजवळचं वारूळ उकरून पाहतो, काय होतं ते कळवतो.