किड्यांची डोकी, तळ्यातला गाळ आणि दख्खनचा कोरडा काळ

उन्हाळ्याबद्दल सोलापूरकरांसमोर बोलायचं म्हणजे धाडसच आहे. पण एक साधा प्रश्न विचारतो. सिद्धरामेश्वरांच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकात, इथला उन्हाळा आजच्याइतकाच कडक होता का? भारतीय हवामान विभाग स्थापन झाला १८७५ साली. देशभर एका पद्धतीनं नोंदी ठेवणं त्यानंतरचं. त्याआधीचं विचारायचं कुणाला? ताम्रपट जमीन कुणाला दान दिली ते सांगतो, त्या वर्षी ऊन किती होतं ते सांगत नाही.

आता गंमत बघा. स्वित्झर्लंडच्या डोंगरात दीड हजार मीटर उंचीवर हिंटरबुर्गझे नावाचं एक छोटं तळं आहे. तिथल्या हजारो वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्याचं तापमान अभ्यासकांनी काढलं आहे. कशावरून? किड्यांच्या डोक्यांवरून.

संध्याकाळी पाण्याकाठी दिव्याभोवती चिलटं घोंगावतात ना, त्यांच्यातच कायरोनोमिड नावाचा एक गट असतो. दिसायला डासासारखा, पण चावत नाही. त्याची अळी तळ्याच्या बुडाशी गाळात राहते. काही जातींच्या अळ्या लालभडक असतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. घरी काचेच्या टाकीत मासे पाळणारे ज्याला ‘ब्लड वर्म’ म्हणतात, ती हीच. अळी वाढताना कात टाकते. मऊ अंग कुजून जातं, पण डोक्याचं कवच कायटिनचं असतं. ते गाळात हजारो वर्षं टिकतं, आणि त्याच्या दातांच्या ठेवणीवरून ती कुठल्या गटातली ते ओळखता येतं.

मग तापमान कसं काढायचं? समजा मी तुम्हाला एका अनोळखी घरातली धान्याची कणगी दाखवली. आत ज्वारी निघाली, बाजूला करडई. तुम्ही म्हणाल, हे घर आपल्याकडचं. भात आणि नाचणी निघाली तर म्हणाल, कोकणातलं. घर न बघता तुम्ही मुलूख ओळखलात, कारण कुठे काय पिकतं ते तुम्हाला आधीच माहीत आहे. अगदी तसंच. डोंगर चढत जावं तसा गारवा वाढतो. म्हणून आधी वेगवेगळ्या उंचीवरची आजची तळी तपासतात, कुठल्या उन्हाळ्यात कुठल्या अळ्या राहतात त्याचा तक्ता करतात. मग जुना गाळ नळीनं उभा काढायचा, त्याचे पातळ थर कापायचे, चाळणीतून धुवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक डोकं वेचायचं. धान्य निवडण्यासारखंच चिकाटीचं काम. एका थरातून निदान पन्नास डोकी तरी हवीत. ती तक्त्याशी ताडली की त्या काळच्या उन्हाळ्याचा अंदाज येतो. त्यात एक-दीड अंशाची चूक धरावी लागते.

मग हेच आपल्याकडे का करू नये? इथे इतिहासकाराचा जुना नियम आठवावा: साक्षीदाराला तेच विचारावं, जे त्यानं पाहिलं आहे. थंड डोंगरात कुठली अळी जगणार हे मुख्यतः उन्हाळ्याच्या उबेवर ठरतं. आपल्या पठारावर ऊब सगळ्यांना पुरून उरते. इथे पाण्याचा खारटपणा, खोली आणि प्राणवायू ठरवतात कोण जगणार ते. म्हणजे आपल्या तळ्याला उन्हाळा विचारून उपयोग नाही. पाऊस विचारायचा.

तो विचारला गेला आहे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला. उल्कापातानं बेसॉल्टच्या खडकात झालेलं ते विवर, आत खारं पाणी. भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तिथून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. त्यात जवळजवळ अकरा हजार वर्षं साठली होती. इथे साक्ष किड्यानं दिली नाही, एका खनिजानं दिली. त्याचं नाव गेलुसाइट. पाणी आटून फार खारं झालं की त्याचे स्फटिक बनतात. ते दोन काळांतल्या थरांत सापडले: साधारण ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी, आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी. म्हणजे दोन लांबलचक कोरडे काळ. २०१४ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं.

दुसरा काळ आपल्या भाषेत मांडा. इसवी सनाच्या आरंभापासून चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? सातवाहन. रोमशी व्यापार करणारं आपल्या शेजारचं तेर. वाकाटकांच्या वेळची अजिंठ्याची लेणी. राष्ट्रकूटांचं कैलास. चालुक्य, यादव. आपण ज्याला दख्खनचं वैभव म्हणतो ते जवळजवळ सगळं या कोरड्या काळात बसतं! दरवर्षी दुष्काळ होता असं याचा अर्थ नाही. पण पाऊस कमी म्हणजे राज्य बुडालंच, हे समीकरण गाळ मान्य करत नाही.

मग लोक जगले कसे? निदान एक उत्तर आपल्या गावातच आहे. सिद्धेश्वराचं तळं. परंपरा ते सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून खोदवलं असं सांगते. बारावं शतक म्हणजे त्याच कोरड्या काळाचा शेवटचा टप्पा. आता उलट उदाहरण घ्या. एकरूखचा तलाव, आपला हिप्परग्याचा, १८७१ ला पुरा झाला. पाच वर्षांत १८७६ चा दुष्काळ आला आणि सोलापूर जिल्हा होरपळला. पाऊस पडला नव्हता हे खरं. पण देशातून धान्याची निर्यात चालूच होती, हेही खरं. अवर्षण आभाळातून येतं, उपासमार मात्र बहुतेक वेळा कारभारातून येते. म्हणूनच गाळ आणि कागद दोन्ही वाचावे लागतात. नुसता गाळ वाचला तर सगळा दोष आभाळावर जातो, नुसते कागद वाचले तर आभाळ विसरायला होतं.

शेवटी एक विनंती. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. तळ्यातला गाळ शेतात जातो, ते चांगलंच आहे. शेतकऱ्याला तो हवाच. पण जिथे जुन्या तळ्याचा गाळ पूर्वी कधी उपसलेला नाही, तिथे जेसीबी उतरण्याआधी सर्वांत खोल जागेतून एक नळी भरून घ्या आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात नेऊन द्या. एका दिवसाचं काम आहे. दप्तरखान्यातली रद्दी विकताना आपण जुने कागद बाजूला काढतो ना, तेवढंच.