रक्त, घाम, अश्रू: नेमके कुणाचे?
'ब्लड, स्वेट अँड टिअर्स' हा जॅझ-रॉक बँड १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. वादक गोरे, जॅझ काळ्यांचे! वादक गुणी होते, हे आम्ही नाकारत नाही. त्यांच्या दुसऱ्या अल्बमने १९७० चे ग्रॅमी पटकावले, तेही बीटल्सला मागे टाकून. त्यातले 'गॉड ब्लेस द चाइल्ड' मूळ बिली हॉलिडेचे. याच न्यूयॉर्कने १९४७ च्या अमली पदार्थांच्या शिक्षेनंतर बिलीला क्लबमध्ये गाण्याचा परवाना नाकारला. १९५९ मध्ये इस्पितळातल्या खाटेवरच तिला अटक झाली, तिथेच ती वारली. म्हणून आम्ही विचारतो, घाम कुणाचा आणि मान कुणाला? बँडला मात्र १९७० मध्ये खुद्द अमेरिकन सरकारने युगोस्लाव्हिया, रुमानिया, पोलंडच्या दौऱ्यावर धाडले.