यावत्तावत् आणि बरोबरचे चिन्ह

खेडहून चिपळूणला जाणारी गाडी परशुरामाचा घाट उतरण्याआधी लोटे गावावरून जाते. कारखान्यांची वसाहत झाल्यापासून या गावाचे नाव लांबवर गेले आहे. तेथील माझे एक शिक्षक स्नेही मुलांना संगणकासाठी आज्ञावली लिहायला शिकवतात. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिले, 'नारळ = नारळ + १'. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, हे खोटं आहे. दोन्ही बाजू सारख्या कशा होतील?" "असंच लिहायचं असतं," म्हणून गुरुजींनी त्याला खाली बसवले, आणि संध्याकाळी तेच अस्वस्थ होऊन माझ्याकडे आले.

मुलाचे काय चुकले? गणिताच्या तासाला आपणच त्याला जे शिकवले, त्याप्रमाणे ते विधान खोटेच आहे. त्याला खरे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जायला हवे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. 'बीजगणित' हा त्यातलाच एक भाग. न कळलेल्या संख्येला तेथे नाव आहे 'यावत्तावत्', म्हणजे जितके असेल तितके. किती सरळ नाव! एकाहून अधिक अज्ञात संख्या आल्या की पुढची नावे रंगांची: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना मात्र पहिलेच अक्षर घ्यायचे, या, का, नी, पी, लो. माहीत असलेल्या संख्येपुढे 'रू', म्हणजे रूप.

त्यांचेच एक उदाहरण घ्या. एकाजवळ रोख ३०० आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे, पण डोक्यावर १०० चे कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी, तर घोड्याची किंमत काय? एका ओळीत 'या ६ रू ३००' लिहायचे, तिच्याखाली 'या १० रू १००', आणि या १०० च्या डोक्यावर टिंब द्यायचे, म्हणजे ते ऋण. हिशेब केलात तर ४ घोड्यांचे ४०० होतात, म्हणजे घोडा १०० ला. पण पाहा, यात बेरजेचे चिन्ह नाही आणि बरोबरचेही नाही. शेजारी मांडले की बेरीज, खाली मांडले की बरोबरी.

आचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ काढला. तेथला शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. मठाला मिळालेल्या देणग्या त्यात नोंदल्या आहेत, आणि शेवटचा मजकूर चक्क मराठीत आहे! भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली मराठीत लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित तर आपल्या दापोलीकडच्या मुरूडचे, आणि पेशाने शिक्षक. म्हणून आचार्यांना संगणक ठाऊक होता असे सांगणारे भेटतात, त्यांच्या नादी मात्र लागू नका.

चिन्हे आली युरोपातून. अधिक-उणे १४८९ साली एका जर्मन पुस्तकात छापले गेले. बरोबरचे चिन्ह १५५७ साली इंग्लंडात रॉबर्ट रेकॉर्ड यांनी योजले. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांहून अधिक सारखे काय असणार, हा त्यांचा विचार. तेव्हापासून हे चिन्ह म्हणजे तराजू.

मग १९५७ साली अमेरिकेत जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ट्रान ही संगणकाची भाषा तयार केली. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हे यंत्र आले, तेथेही ती चाले. या भाषेत गुणाकाराला फुलीऐवजी तारका आली आणि भागाकाराला तिरपी रेघ. बरोबरच्या चिन्हाला तर निराळेच काम लावले: उजवीकडचा हिशेब करा आणि उत्तर डावीकडच्या नावाखाली ठेवा. घोटाळा सुरू झाला तो येथे!

तुमच्या पडवीत नारळांचा ढीग आहे आणि भिंतीवर कोळशाने ४० लिहिले आहे असे समजा. एक नारळ आणखी आला. तुम्ही ४० पुसता, ४१ लिहिता. ढीग तोच, आकडा नवा. संगणकातले 'चल' ते हे. आचार्यांचे यावत्तावत् ठरलेलेच असते, फक्त आपल्याला कळलेले नसते. यंत्रातला 'नारळ' कळलेला असतो, पण बदलतो. दोहोंतला हा फरक न सांगता पुढे जाणे, माझ्या मते, मुलांवर अन्याय आहे.

जाणत्यांनाही हे खटकले होतेच. अल्गॉल भाषेने १९५८ पासून ठेवण्याच्या कामाला बरोबरच्या आधी दोन टिंबे जोडली. १९७० ची पास्कल तिच्याच वाटेने गेली. १९७२ च्या सुमारास आलेल्या 'सी' भाषेने मात्र ठेवायला एकच चिन्ह राखले आणि 'सारखे आहे का?' असे विचारायला तेच दोनदा लिहायचे ठरवले. आज शाळांतून शिकवली जाणारी पायथॉन हीच रीत पाळते.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्या मुलाला उभे करून सांगितले, "काल तुझं बरोबर होतं." मग भिंतीवरच्या कोळशाची गोष्ट सांगितली. मुलगा फळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पण गुरुजी, आधी नारळ किती होते ते तुम्ही लिहिलंच नाही." गुरुजींनी खडू उचलला आणि त्या ओळीच्या वर लिहिले, 'नारळ = ४०'.