शेवटचा रकाना

दर महिन्याच्या सुरुवातीला आमच्या एआरटी सेंटरचा, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या देणाऱ्या केंद्राचा, अहवाल वर जायचा. जिल्हा रुग्णालयात डेटा मॅनेजर म्हणून माझी उमेदीची वर्षं त्याच रकान्यांत गेली. आजवर उपचार सुरू केलेले किती, वारले किती, दुसऱ्या सेंटरला गेले किती, गोळ्या सोडल्या किती जणांनी, आणि शेवटी, हयात असून आज गोळ्या घेणारे किती. बातमीत पहिला आकडा यायचा, कारण तो कधी कमी होत नाही. माझ्या लेखी खरा आकडा शेवटचा.

1 एप्रिल 2004 रोजी देशात आठ सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू झाली, त्यांत मुंबईचं जे. जे. होतं. गोळ्या घेणारे मोजणं तेव्हा सोपं होतं. पण ते कितीपैकी? गरोदर बायकांचं तपासणीनंतर उरलेलं रक्त निनावी तपासून देशातल्या एकूण बाधितांचा अंदाज बांधला जाई. 2005 सालासाठी नॅकोचा, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा, अंदाज होता 52 लाख. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत एक लाखावर लोकांचं रक्त घरोघर जाऊन घेतलं, आणि 2007 मध्ये आकडा 25 लाखांवर आला. एकही माणूस बरा न होता निम्मी साथ ओसरली! सरकारी दवाखान्याच्या रांगेवरून अख्खा देश ओळखायचा म्हटलं की असंच होणार.

सगळ्यात जास्त माणसं गळाली ती प्री-एआरटी, म्हणजे गोळ्या सुरू होण्याआधीच्या, रजिस्टरातून. सीडी4, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या, ठरावीक पातळीच्या खाली आल्याशिवाय गोळ्या मिळत नसत. ही पातळी आधी 200, मग 350, पुढे 500. वरचा आकडा आलेल्याला आम्ही ‘सहा महिन्यांनी या’ म्हणायचो. धडधाकट माणूस रोजंदारी बुडवून नुसतं रक्त द्यायला कशाला येईल? यायचा तो थेट आजारी पडून, खाटेवर. 2017 मध्ये निदान होताच उपचार हे धोरण आलं आणि ते रजिस्टर अडगळीत गेलं. उशीरच झाला, असं माझं मत आहे.

तीन महिने न फिरकणारा आमच्या नोंदीत ‘एलएफयू’, म्हणजे लॉस्ट टू फॉलो-अप. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास हा रकाना फुगायचा, कारण ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघालेल्या असत. तिकडच्या सेंटरला कुणी नव्याने नाव घातलं, तर इथे हरवलेला आणि तिथे नवा, असा एकच माणूस दोनदा मोजला जाई. घरी शोधायला जाणाऱ्या कार्यकर्त्याला दारात आपण कुठून आलो हेही सांगता येत नसे. शेजारी कान लावून असायचे. पुढे 2020 मध्ये ‘सोच’ ही संगणकप्रणाली आली आणि रुग्णाची देशभर एकच नोंद ठेवायची सोय झाली.

हल्ली देशाचे 81-88-97 हे आकडे सांगतात, ते 2023-24 चे. 97 ऐकून लोक खूश होतात, पण प्रत्येक टक्का आधीच्या टक्क्यातला आहे. बाधित शंभरांपैकी 81 जणांना आजार माहीत, त्यातले साधारण 71 उपचारावर, आणि विषाणू आटोक्यात असलेले जेमतेम 69. गळालेल्या दहांची नावं निदान कुठल्यातरी रजिस्टरात आहेत. उरलेल्या 19 जणांना स्वतःलाच पत्ता नाही. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन व तपासणी केंद्रात, तपासणी फुकट होते, नाव बाहेर जात नाही. मनात शंका असेल तर जाऊन या. आधी विचारायचं असेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनला फोन लावा.