इंदूरची लेक ते केंब्रिजची पीएचडी : डॉ. कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी (माहेरच्या भागवत) या नामवंत जीवरसायनशास्त्रज्ञ. जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळुरूच्या टाटा संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या सख्ख्या बहीण.

प्रवेशासाठी झुंज : १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी वडिलांच्याच संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत, थेट बंगळुरू गाठलं आणि कारण विचारलं. अखेर एक वर्ष काम पाहून ठरवू, या अटीवर प्रवेश मिळाला. अट मनाला लागली, पण काम थांबलं नाही. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवरचं त्यांचं संशोधन पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढे इतर मुलींनाही तिथं वाट मोकळी झाली. १९३६ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या.

केंब्रिज : बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ असल्याचं त्यांनी दाखवलं. १९३९ मध्ये पीएचडी मिळाली. प्रबंध जेमतेम ४० पानांचा!

मायदेशी : दिल्लीचं लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि लग्नानंतर मुंबईची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, असा पुढचा प्रवास. नीरेच्या पोषणमूल्यांवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या संस्थेच्या त्या संचालकही झाल्या. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.