लॅपटॉप, नवा : प्रथम मांडणी व सुरक्षा (देवळाली कॅम्प)

नवा लॅपटॉप खोक्यातून बाहेर काढल्यापासून तो इंटरनेटला प्रथम जोडला जाईपर्यंत, आणि जोडल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांत, त्यावरील खात्यांचा, डिस्कवरील मजकुराचा, सोबत आलेल्या सॉफ्टवेअरचा व जोडणीच्या मार्गाचा जो बंदोबस्त मालकाने करावयाचा असतो, तो या नोंदीचा विषय होय. यांतील बहुतेक कामे मागाहूनही करता येतात, आणि म्हणूनच ती होत नाहीत. यंत्र एकदा चालू झाले की घरातील प्रत्येकाला त्याची घाई असते, व पहिल्या दिवशी जे जसे राहिले ते पुढे तसेच चालते.

भगूर गावाला लागून असलेली देवळालीची छावणी ही इंग्रजी अमदानीत विलायतेहून आलेल्या व विलायतेस परतणाऱ्या पलटणींच्या मुक्कामाची जागा होती. आज तेथे लष्कराचे तोफखाना विद्यालय आहे, कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या हद्दीतील नागरी वस्ती आहे, आणि १९२५ साली सुरू झालेल्या बार्न्स स्कूलसारख्या शाळा आहेत. बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड हलवावयाचे, हा येथील अनेक कुटुंबांचा शिरस्ता असल्यामुळे घरातील एकाच लॅपटॉपवर मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, पेन्शनचे कागद आणि दूरच्या चौकीवरील माणसाशी होणारे व्हिडिओ कॉल हे सारे चालते. सरकारी गोपनीय कागद खासगी यंत्रावर ठेवण्यास मनाई आहे, हे या वस्तीत कोणास सांगावे लागत नाही. परंतु ज्याला कोणी गोपनीय म्हणणार नाही असा मजकूर, म्हणजे क्वार्टरचा पत्ता, रजेचा अर्ज, मुलांच्या शाळेच्या वेळा, एकत्र आला म्हणजे परक्याच्या दृष्टीने तोही मोलाचा ठरतो. जुलै २०२० मध्ये लष्कराने आपल्या जवानांना व अधिकाऱ्यांना मोबाइलमधील ८९ ॲप काढून टाकण्याचा हुकूम दिला, त्याच्या मुळाशी हीच चिंता होती.

जोडणीपूर्वीच्या दक्षतेचा आग्रह कोठून आला हे समजण्यासाठी ऑगस्ट २००३ कडे पाहावे लागते. त्या महिन्यात ब्लास्टर नावाचा कृमी जगभर पसरला. त्याला कोणी ई-मेल उघडावी लागत नव्हती की कोठे क्लिक करावे लागत नव्हते. विंडोज २००० वा एक्सपी असलेले, पहारा नसलेले यंत्र टेलिफोनच्या तारेने इंटरनेटला लागले की तो कृमी आपण होऊन त्याच्या दाराशी येई. मौज अशी की त्या दोषावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच प्रसिद्ध केला होता, परंतु तो मिळवावयाचा तर आधी इंटरनेटला जोडले पाहिजे, आणि जोडले की उपाय उतरण्यापूर्वीच रोग लागे. पुढल्या वर्षी ऑगस्टमध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने फायरवॉल मुळातच चालू ठेवण्यास प्रारंभ केला तेव्हा हा पेच पुष्कळसा सुटला. तथापि उपाय हाती असून न लावण्याची खोड सुटली नाही. मार्च २०१७ मध्ये दुरुस्त झालेल्या एका दोषाचा आधार घेऊन मे महिन्यात वॉनाक्राय या कृमीने, व जूनअखेर नॉटपेट्याने धुमाकूळ घातला; नॉटपेट्याच्या तडाख्यात उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क कंपनीच्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले व कंटेनरच्या गाड्या खोळंबल्या.

आजची परिस्थिती उलटी आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेले विंडोज ११ घरगुती आवृत्तीत प्रथम मांडणीच्या वेळीच इंटरनेट मागते; देश व कीबोर्ड विचारून झाला की नेटवर्कचे पान येते, आणि ते ओलांडल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही. हे पान चुकविण्याचे आडमार्ग जाणकारांना ठाऊक होते. ते एकेक करून बंद करण्याचे धोरण कंपनीने २०२५ मध्ये उघडपणे स्वीकारले. तेव्हा ‘आधी सर्व बंदोबस्त, मग इंटरनेट’ हा जुना नियम अक्षरशः पाळणे सामान्य गृहस्थास आता शक्य नाही, आणि त्याचा हट्ट धरण्यात फारसा अर्थही नाही. दुसऱ्या संगणकावर अपडेट उतरवून पेनड्राइव्हने आणण्याची तजवीज काही लोक करतात. परंतु २००८ साली उद्भवलेला कॉन्फिकर कृमी पेनड्राइव्हवरूनही हिंडत असे, हे ध्यानी घेता ती वाट अधिक निर्धोक म्हणता येत नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की पहिली जोडणी कोणाच्या नेटवर्कवरून व्हावी आणि कोणाच्या नावाने व्हावी.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुकान, लॉज वा स्टेशन येथील फुकट वायफाय पहिल्या दिवशी वर्ज्य समजावे. स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट, लांबलचक पासवर्ड लावून, हे सर्वांत सोयीचे साधन होय. घरचा राउटर वापरावयाचा तर त्याच्या पाठीवरील चिकटपट्टीवर छापलेला ॲडमिन पासवर्ड आधी बदलावा व वायफायला डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ हे कुलूप आहे याची खातरजमा करावी; क्वार्टरमध्ये पूर्वीचे बिऱ्हाड राउटर मागे ठेवून गेले असेल तर तो रीसेट केल्यावाचून वापरूच नये. नेटवर्क ‘पब्लिक’ की ‘प्रायव्हेट’ असे विंडोजमध्ये ठरविण्याची वेळ येते तेव्हा ‘पब्लिक’ ठेवावे; या शब्दाने आपण काही जाहीर करीत नसून आजूबाजूच्या यंत्रांपासून स्वतःला झाकून घेत असतो.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि घरोघरचा घोटाळा येथेच होतो. नवा लॅपटॉप घेणाऱ्यास दुकानदार आपुलकीने म्हणतो, ‘आम्ही विंडोज टाकून देतो, ऑफिस पण मारून देतो’. किंवा घरातील हुशार भाचा ते काम अंगावर घेतो. ‘क्रॅक’ करून बसविलेले ऑफिस हे बेकायदा असते ही गोष्ट सोडली, तरी तो क्रॅक चालविण्यासाठी अँटिव्हायरस क्षणभर बंद करावा लागतो, आणि त्या क्षणी यंत्राच्या किल्ल्या कोणाच्या हाती गेल्या याचा पत्ता मालकास कधीच लागत नाही. दुकानदारापुढे कारखानाही नेहमी निर्दोष असतो असे नाही. लेनोव्हो कंपनीच्या काही घरगुती लॅपटॉपांवर २०१४ मध्ये सुपरफिश नावाचे जाहिरातींचे सॉफ्टवेअर बसवून येत होते; ते बँकेच्या कुलूपबंद पानांच्याही मध्ये आपले प्रमाणपत्र घुसवीत असे, व फेब्रुवारी २०१५ मध्ये बोभाटा झाल्यावर कंपनीने ते मागे घेतले. म्हणून सोबत आलेली अनोळखी ॲप पहिल्याच बैठकीत काढून टाकावीत.

खाते कोणाच्या नावाने उघडले याचा परिणाम पुढे वर्षा-दोन वर्षांनी दिसतो. पुष्कळ नव्या यंत्रांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच डिस्कवरील मजकूर आपोआप कुलूपबंद होतो, आणि त्या कुलपाची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात जमा होते. ही सोय उत्तम आहे. प्रवासात लॅपटॉप चोरीस गेला तरी चोराच्या हाती नुसते यंत्र लागते. परंतु भाच्याने घाईत स्वतःच्या खात्याने मांडणी केली असेल, तर किल्ली भाच्याकडे. मग मदरबोर्ड बदलल्यावर, किंवा क्वचित बायॉसच्या अपडेटनंतर, एके सकाळी निळ्या पडद्यावर सहा-सहा अंकांचे आठ गट मागणारी चौकट उभी राहते, भाचा बंगळूरला असतो, त्याचे ते खाते त्यालाही आठवत नसते, आणि मुलीचा प्रकल्प, लग्नाचे फोटो व आयकराचे कागद हे सारे आपल्याच घरात असून आपल्यास पारखे होते. कुलूप काढून टाकणे हा यावर उपाय नव्हे. ती ४८ अंकी संख्या पहिल्याच दिवशी कागदावर उतरवून, यंत्राच्या पिशवीत नव्हे तर घरातील मौल्यवान दस्तऐवजांत ठेवावी. बदलीच्या सामानात हा कागद ट्रंकेतून न जाता हातातल्या फायलीतून जावा, हे सांगावयास नकोच.

त्यानंतर दुसरे एक साधे खाते काढून रोजचा वापर त्यावरूनच करावा. ॲडमिनचे खाते केवळ सॉफ्टवेअर बसविण्यापुरते राखावे. मुलाने खेळ म्हणून काही बसवू पाहिले तर यंत्र बहुधा ॲडमिनचा पासवर्ड मागून अडते, आणि तो पासवर्ड मुलास ठाऊक नसावा, यापलीकडे येथे शास्त्र नाही. मग अपडेट पुन्हा पुन्हा तपासून, मध्ये यंत्र रीस्टार्ट करीत, नवे काही उरले नाही असे दिसेपर्यंत उतरवू द्यावेत; बँकेचे पान त्याआधी उघडू नये. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरगुती कामास पुरेसा आहे, आणि विक्रेता गळ्यात मारतो तो वर्षभराचा अँटिव्हायरस न घेतल्याने काही बिघडत नाही, असे या नोंदकाराचे मत आहे.

विंडोज न घेणाऱ्यांसाठी लिनक्सचा मार्ग आहेच. सी-डॅकने बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या आपल्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारित माया ही प्रणाली स्वीकारण्याचे ठरविले. घरी मात्र जी प्रणाली चालविता येते व जिचे अपडेट चालू आहेत तीच बरी. या दृष्टीने १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख महत्त्वाची आहे, कारण त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. बदलीच्या वेळी स्वस्तात विकावयास काढलेला जुना लॅपटॉप घेणाऱ्याने तो विंडोज ११ ला पात्र आहे की नाही, म्हणजे त्यात टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व विंडोज ११ ला चालणारा प्रोसेसर आहे किंवा नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे, आणि विकणाऱ्याने ‘रीसेट धिस पीसी’ मधील सर्व काही पुसण्याचा पर्याय चालवूनच यंत्र हवाली करावे. इतके करूनही पैशाची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. रक्कम पुढील खात्यांतून फिरून निघून जाण्यापूर्वी गोठविता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते.