खैरात नव्हे, हक्क

देवळ्याशेजारच्या मालेगावात २९ सप्टेंबर २००८ रोजी, ऐन रमजानमध्ये, भिक्कू चौकात स्फोट झाला. सहा जीव गेले. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. त्याच निकालात मृतांच्या वारसांना २ लाख व जखमींना ५० हजार रुपये देण्यास सांगितले. गुन्हेगार ठरला नाही, मग भरपाई कसली?

जुन्या फौजदारी संहितेचे कलम ३५७ दोषी ठरलेल्याच्या खिशाकडे पाहत असे. आरोपी सुटला की पीडिताची ओंजळ रिकामी. न्यूझीलंडने १९६३ मध्येच कायदा करून हा भार सरकारवर टाकला होता. आपल्याकडे ३१ डिसेंबर २००९ पासून कलम ३५७-अ लागू झाले. आरोपी सुटो वा न सापडो, भरपाईची वाट उघडली.

वाट उघडली तरी ती लांबच असते. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत सरकारी हिशेबाने ९०० मृत, १६८ बेपत्ता. ज्याचे प्रेतच मिळाले नाही, त्याचा मृत्यू कसा सिद्ध करायचा? १०८ बेपत्तांच्या घरी काहीच पोहोचले नव्हते. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वारसांना २ लाख रुपये, जानेवारी १९९९ पासूनच्या ९ टक्के व्याजासह, देण्याचा आदेश दिला.

उर्दूत 'खूंबहा' म्हणजे रक्ताचे मोल. ते मारणाऱ्याकडून घेतात आणि माफी देतात. सरकारी भरपाई तशी नाही. संरक्षणात शासन कमी पडले, याची ती कबुली आहे. म्हणून ती घेणाऱ्याने मान खाली घालू नये, आणि देणाऱ्याने इन्साफ झाला असे समजू नये.